ट्यूबलाइटच्या उजेडातले बाबा

हर्नडनच्या आमच्या घरी पहिल्यांदा येणारा पाहुणा दारात बूट काढता काढता समोरच्या भिंतीकडे बघतो आणि क्षणभर थबकतो. भिंतीवर माझ्या वडिलांचं तैलचित्र आहे. "छान आहे हं," असं म्हणून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "आजारी होते का हो?" कारण चित्रातले बाबा हिरवट आहेत. अगदी पोपटी नव्हेत, पण डावा गाल, कपाळाची एक बाजू आणि मान यांच्यावर पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या भिंतीची छटा आहे.

बाबा मुळीच आजारी नव्हते. चित्र काढलं गेलं १९८९ च्या दिवाळीच्या सुट्टीत. तेव्हा ते ४१ वर्षांचे होते, कोल्हापूरला जिल्हा परिषदेत नोकरी करत होते आणि रोज सायकलने ऑफिसला जात होते. चित्र काढलं त्यांच्या शाळेपासूनच्या मित्राने. हे मित्र एका हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचे. सगळी पेठ त्यांना मास्तर म्हणायची, बाबाही मास्तरच म्हणायचे, म्हणून मीही इथे तेच म्हणतो.

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी या चित्राचं परीक्षण करायचं ठरवलं. माझी पात्रता सांगून टाकतो. दिवसभर मी लोकांच्या डेटाबेसची दुखणी निस्तरतो आणि शाळेत असताना इंटरमीजिएट ड्रॉइंगला मला बी ग्रेड होती. पण घरच्या मित्राने काढलेल्या चित्राचं कौतुक होतं, त्याच्या आठवणी निघतात, परीक्षण मात्र कोणी करत नाही. त्या चित्राकडे चित्र म्हणून बघायचंच राहून जातं, आणि मग एक दिवस ते माळ्यावर जातं. आमचं गेलं होतं.

आधी दोष. बाबांचा उजवा हात मांडीवर आहे, तो हात नसून वेलची केळ्यांचा फणा आहे. केस डोक्यावर टोपी घातल्यासारखे बसलेत. खुर्चीचा मागचा पाय कुठे टेकला आहे ते कळत नाही, त्यामुळे बाबा थोडे तरंगतात. मास्तर मुळात निसर्गचित्रांचे. रंकाळ्याच्या काठी बसून जलरंगात संध्यामठ काढावा तर त्यांनी, पण माणसाच्या शरीराचा अभ्यास त्यांना फारसा करायला मिळाला नव्हता. ते स्वतःच म्हणायचे, "मी झाडं काढणारा माणूस. तुझा बाप झाडासारखा बसला तर जमेल."

बाबा झाडासारखे बसले नाहीत. अकरा संध्याकाळी हे सिटिंग चाललं आणि मी त्यातल्या बहुतेक वेळी तिथे जमिनीवर बसून होतो. साडेसहाला बाबा ऑफिसातून यायचे, चहा व्हायचा, मास्तर ईझल उभं करायचे. कॅम्लिनच्या ट्यूबा, टर्पेंटाइनचा वास, आणि वर चोक गुणगुणणारी ट्यूबलाइट. दोघांचं बोलणं अखंड चालू. शाळेतले गुरुजी, नगरपालिका, कुणाच्या मुलीचं लग्न, कोणी कोणाचे पैसे बुडवले. मध्येच बाबांचं कशावर तरी बिनसायचं आणि ते मान वळवायचे. मग मास्तर ओरडायचे, "अरे गप बस की जरा! नाक कुठं गेलं तुझं?" आई आतून म्हणायची, "भाऊजी, आठ वाजले, जेवूनच जा." चित्र जेवढं पुढे जायचं तेवढंच ते जेवणामुळे थांबायचं.

या अकरा संध्याकाळी चित्रात कुठे आहेत? माझ्या मते तोंडात. बाबांना समोरच्याचं म्हणणं पटलं नाही की बोलण्याआधी ते खालचा ओठ किंचित आत ओढून धरायचे. नंतर जे बाहेर यायचं ते ऑफिसात बहुतेकांनी ऐकलं होतं. पण ओठ धरलेला तो एक क्षण घरच्यांनी आणि मित्रांनीच पाहिलेला. हात न जमलेल्या मास्तरांनी तो ओठ मात्र चोख पकडला आहे. बाबांच्या चाळीसेक फोटोंत तो मला एकदाही सापडला नाही. फोटोच्या वेळी कोण वाद घालतं?

तोंड हा मोठ्या मोठ्या चित्रकारांना छळणारा भाग आहे. हर्नडनला मेट्रो आली २०२२ च्या नोव्हेंबरात. तेव्हापासून आम्ही अधूनमधून सिल्व्हर लाइनने मेट्रो सेंटरला उतरून नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत जातो. तिकीट नाही, हे आपल्या मंडळींना मुद्दाम सांगायला हवं. तिथे गिल्बर्ट स्टुअर्टने १७९६ साली काढलेला पुरुषभर उंचीचा जॉर्ज वॉशिंग्टन आहे. काळा पोशाख, पुढे केलेला हात, सगळं भव्य, आणि तोंड मात्र चूळ भरून धरल्यासारखं. वॉशिंग्टनसाहेबांनी नुकतीच नवी कवळी बसवली होती, असं खुद्द स्टुअर्टचंच स्पष्टीकरण आहे. राष्ट्राध्यक्षाला सांगणार कोण, की कवळी काढा आणि जरा गप्पा मारा?

ही गॅलरी १९६८ साली लोकांसाठी उघडली. त्याच वर्षी पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर सुरू झालं. तिथली गोपाळ देऊस्करांनी काढलेली बालगंधर्वांची दोन चित्रं, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीवेशातलं, तुमच्यापैकी अनेकांनी नाटकाच्या मध्यंतरात वडा खाता खाता पाहिली असतील. देऊस्करांचा हात काय वर्णावा! पण ती सार्वजनिक भिंतीसाठी काढलेली चित्रं आहेत. त्यांत नटसम्राट दिसतो आणि तिथे तोच दिसायला हवा. घरच्या चित्राकडून मागायची गोष्ट वेगळी असते.

आपल्याकडच्या व्यक्तिचित्रणातलं मला सर्वांत आवडणारं काम याच घरगुती भिंतीवरचं आहे. गोव्याचे ए. एक्स. त्रिंदाद यांना १९२० साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, ते पत्नीला समोर बसवून काढलेल्या चित्रासाठी. मुंबईचे वासुदेव कामत यांना २००६ साली अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च ड्रेपर पुरस्कार मिळाला. त्या चित्राचं नावच 'माय वाइफ'. (या सोसायटीचं वार्षिक संमेलन पुढे आमच्या शेजारच्या रेस्टनमध्येही भरलं आणि आम्ही हाकेच्या अंतरावर लॉन कापत होतो.) २०२५ साली कामतांना पद्मश्री मिळाली.

पण सगळ्यांत मोठं उदाहरण सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातली ती हातात समई घेतलेली स्त्री आठवते ना? आपण सगळे सहलीला गेलो की तिच्यासमोर उभे राहतो आणि निम्मे लोक "रविवर्मा!" असं म्हणून पुढे सरकतात. रविवर्मा १९०६ सालीच गेले. हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं, सावंतवाडीच्या हळदणकरांचं, आणि तेही जलरंगात, जिथे चुकलं की खोडता येत नाही. समईवाली स्त्री म्हणजे त्यांची मुलगी गीता. दिवाळीत हातात दिवा घेतलेली मुलगी वडिलांच्या नजरेला पडली आणि पुढे तिला तासन्‌तास तशीच उभी राहावं लागलं. पुढे गीताताई उपळेकर आमच्या कोल्हापुरातच राहत होत्या. २०१८ साली वयाच्या १०२ व्या वर्षी त्या गेल्या. कोल्हापूरच्या बाजारात आपल्या शेजारून जगातली एक प्रसिद्ध चित्राकृती पिशवी घेऊन चालली आहे, हे आम्हा पोरांना कुठे ठाऊक होतं!

त्या चित्रात काय बघायचं? मी सांगेन, बोटं. ज्योतीला आडोसा धरलेल्या हाताची बोटं आतून लाल झाली आहेत. उजेड तिच्या चेहऱ्यावर समईतूनच पोचतो, बाकी सगळा अंधार. हळदणकरांनी मुलगी काढली, आणि त्या संध्याकाळी घरात असलेला उजेडही काढला. चित्रातून समई काढून टाका, मुलगी उरत नाही.

आता मास्तरांना हळदणकरांच्या पंक्तीला बसवण्याचा माझा विचार नाही. तेही बसले नसते. पण आमच्या घरात संध्याकाळी जो उजेड होता तो ट्यूबलाइटचा होता आणि मास्तरांनी तोच काढला. ट्यूबखाली मिसळलेला रंग दिवसाउजेडी वेगळाच दिसतो. यासाठी फिजिक्स लागत नाही. साडी घेताना ती दुकानाच्या दारात नेऊन बघणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत असतं. रात्री ट्यूबखाली माणसासारखे दिसणारे बाबा सकाळी उन्हात हिरवे पडले. बाबांचं निदान वेगळं होतं. "लाल रंगाची ट्यूब महाग. मास्तर वाचवतोय."

सगळ्यांनी मास्तरांना सांगितलं, जरा गुलाबी करा. मास्तरांनी एक रविवार सकाळ चित्रासमोर उभं राहून काढली, ब्रशला रंगही लावला आणि मग ब्रश पुसून ठेवला. "दिसलं तसं काढलंय. आता बदललं तर खोटं होईल," एवढंच म्हणाले. मी नऊ वर्षांचा होतो आणि मित्र घरी आले की मला त्या चित्राची लाज वाटायची. 'हिरव्याचा पोरगा' हे नाव मी दोन वर्षं वागवलं.

मी २००३ साली एम. एस. करायला अमेरिकेत आलो आणि पुढे नोकरीच्या निमित्ताने हर्नडनला रुजलो. एकदा वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत जुन्या इटालियन चित्रांच्या दालनात उभा होतो. सिएनाच्या सातशे वर्षांपूर्वीच्या चित्रकारांचे संत, देवमाता, सगळ्यांचे चेहरे हिरवट! ते लोक त्वचेखाली आधी हिरव्या मातीच्या रंगाचा थर देत. वरचा गुलाबी थर काळानुसार विरळ झाला की खालचा हिरवा वर येतो. ते कारण वेगळं आणि मास्तरांचं वेगळं, हे मला कळतं. तरी त्या दिवशी तिथून कोल्हापूरला फोन लावून बाबांना म्हणालो, "तुमच्यासारखे इथे बरेच आहेत." ते म्हणाले, "त्यांनाही मास्तरच भेटला म्हण की."

आता आमच्या घरातल्या दुसऱ्या चित्राविषयी. लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा, २०१५ साली, मी एका वेबसाइटवर आमचा फोटो अपलोड करून त्याचं तैलचित्र मागवलं. आउटर बँक्सच्या समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो, चौघांचे पांढरे शर्ट आणि जीन्स. हसू नका, तुमच्याकडेही हा फोटो आहे. तीन आठवड्यांनी गुंडाळी आली. ज्या कोणी कारागिराने ते काढलं त्याचा हात मास्तरांपेक्षा कितीतरी तयार आहे. बोटं बोटांसारखी, पाय वाळूत टेकलेले, चेहरे हुबेहूब. फक्त बायकोचं मंगळसूत्र त्याला कळलेलं नाही, त्याने काळ्या मण्यांची कसलीशी दोरी काढली आहे. त्यात त्याची काय चूक? त्याने मंगळसूत्र पाहिलेलं नसावं आणि विचारायला समोर कोणी नव्हतं. पण माझा मुलगा चित्राकडे बघून म्हणाला, "बाबा, हे तर आपल्या फोनमध्ये आहे." मला उत्तर देता आलं नाही. मावळतीच्या किनाऱ्यावर आमच्या चेहऱ्यांवर कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड आहे आणि कारागिराने तोही इमानदारीत उतरवला आहे. आता तर फोनच दोन सेकंदांत फोटोचं 'तैलचित्र' करून देतो, ब्रशच्या फटकाऱ्यांसकट. ते चित्र सध्या तळघरात ट्रेडमिलच्या वर आहे.

फोटोवरून चित्र हा प्रकार काही नवा नाही म्हणा. कोल्हापुरात पूर्वी माणूस गेला की घरचे त्याचा एखादा जुना फोटो घेऊन आर्टिस्टकडे जायचे. तो मोठा करून रंगवून द्यायचा, डोक्याला फेटा नसेल तर बांधायचा, अंगात कोट चढवायचा. आमच्या पणजोबांना असा कोट मरणोत्तर मिळाला आहे. त्या चित्रांची मी थट्टा करणार नाही. माणूसच उरला नाही तर दुसरं काय करणार? पण समोर जिवंत माणूस आणि शेजारच्या गल्लीत चित्रकार मित्र असताना आपण फोटोच घेऊन जातो, याचं मला वाईट वाटतं.

२०१९ साली बाबा गेले. तेराव्याला कोणती प्रतिमा ठेवायची, यावरून घरात दबक्या आवाजात वाद झाला. मला चित्र हवं होतं. दादा म्हणाला, "लोक काय म्हणतील? शेवटी शेवटी कावीळ झाली होती म्हणतील." आईने फोटो काढून दिला, निवृत्तीच्या समारंभातला, शाल-श्रीफळ घेतलेला. मी तेव्हा मनात आईवर रागावलो होतो. मग जुनं घर बिल्डरला गेलं, नव्या फ्लॅटच्या भिंतींवर वॉर्डरोब आले आणि चित्र माळ्यावर गेलं. २०२२ साली गेलो तेव्हा ते खाली काढलं आणि घेऊन आलो.

कुणाला असं चित्र आणायचं असेल तर थोडी कामाची माहिती. शंभर वर्षांहून जुनं चित्र भारताच्या १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यामुळे खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ ठाकूर अशा मोजक्या चित्रकारांच्या कामाला वयाची अट न लावताही बंदी आहे. आपल्या मास्तरांना नाही. अमेरिकेत हाताने काढलेल्या मूळ चित्रावर आयातकर लागत नाही, पण डलसला अधिकाऱ्याने किंमत विचारली. मी शंभर डॉलर म्हणालो. जास्त सांगितली की कमी, हे अजून ठरत नाही.

इथल्या फ्रेमवाल्याने जुनी फ्रेम उघडली तर मागे 'पुढारी'चं पान निघालं, सिनेमाच्या जाहिरातींचं, चहासारखं तपकिरी झालेलं. वर्तमानपत्राच्या कागदात आम्ल असतं, ते चित्राला खातं, तेव्हा तुमच्याही फ्रेमांमागे असेल तर काढून टाका. तैलचित्राला काच लागत नाही. फायरप्लेसच्या वर मात्र ते लावू नका. आपल्याकडची दमट हवा सोसलेल्या चित्राला इथला हिवाळ्यातला कोरडा हीटर आधीच जड जातो. कागदावरच्या चित्राचं उलट. त्याला काच हवी, आम्लविरहित माउंट हवा आणि उन्हापासून लांबची भिंत.

हे शेवटचं मी आजीसाठी शिकलो. त्या पानामागे आणखी एक कागद होता. सिटिंगच्या वेळी आजी कोपऱ्यात मेथी निवडत बसायची. बाबा सिगरेटला बाहेर गेले की मास्तर हात रिकामा राहू नये म्हणून तिला पेन्सिलीने काढत असावेत. वीतभर कागद, शाळेच्या परीक्षेचा, मागच्या बाजूला छापील सूचना. वाकलेली पाठ एका रेषेत, नाकावर ओघळलेला चष्मा, आणि बोटं! ज्या माणसाला बाबांचा हात जमला नाही त्याने मेथीची काडी धरलेली दोन बोटं अशी काढली आहेत की मी त्या कागदाकडे बघत फ्रेमवाल्याच्या दुकानात बराच वेळ उभा राहिलो. परीक्षण करायचंच तर प्रामाणिकपणे सांगतो, मास्तरांचं चांगलं चित्र हे आहे, बाबांचं नव्हे. 'पोर्ट्रेट' काढायचं म्हटल्यावर त्यांचा हात आखडला असावा. आजीला काढताना ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

मास्तर आता नाहीत. हा कागद त्यांना दाखवून विचारायला हवं होतं.

गेल्या उन्हाळ्यात आई इथे आली. बाबांना दारासमोर लावलेलं पाहिलं आणि काहीच बोलली नाही. आमच्या हॉलमध्ये पिवळे दिवे, त्यांत बाबा धड हिरवेही नाहीत आणि धड पिवळेही नाहीत. दोन दिवसांनी म्हणाली, "तुमच्याकडे साधी ट्यूब नाही का रे?" होती. गॅरेजमध्ये, घर घेतलं तेव्हापासूनची, चार फुटी, लागताना तीनदा डोळे मिचकावणारी. रात्री नऊ वाजता मी चित्र उतरवून गॅरेजमध्ये नेलं आणि लॉनमोअरला टेकवून ठेवलं. आईसाठी खुर्ची आणली.

बाबा बरे दिसत होते. गालावर रंग होता. मागची भिंत आमच्या जुन्या घरातल्या चुन्याच्या भिंतीसारखी निळसर पांढरी झाली होती, आणि ओठ तर आता काहीतरी बोलणार असा.

"बघ, मास्तरांचं बरोबर होतं," मी म्हणालो. तीन वर्षं भिंतीसमोर उभं राहून रचलेलं माझं सगळं म्हणणं मी आईला तिथे ऐकवलं, उजेडाचं, हळदणकरांचं, सिएनाच्या संतांचं.

आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हिरव्याचं मला काही नव्हतं रे. भाऊजींनी चष्मा काढायला लावला होता, काचेवर ट्यूब चमकते म्हणून. बिनचष्म्याचे हे फक्त रात्री निजताना असायचे. ते सगळ्यांनी येता-जाता बघायचं, तेराव्याला हार घालून लोकांपुढे ठेवायचं, हे मला बरं वाटलं नाही."

मी चित्राकडे बघितलं. पस्तीस वर्षं बघत होतो. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याच्या खुणा आहेत, मास्तरांनी त्याही नीट काढल्या आहेत, आणि मी त्यांना आजवर ब्रशची चूक समजत होतो.

आईच्या सांगण्यावरून चित्र आता दारासमोर नाही. वरच्या मजल्यावर, ती येते तेव्हा झोपते त्या खोलीत आहे. दारासमोर आजी मेथी निवडत बसली आहे. पाहुणे विचारतात, ही पेन्सिल कुणाची.